मावशीची टाकी

वृद्धाश्रमात तिला सगळे मावशी म्हणत. ऐंशी ओलांडलेली माणसंही. पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा ती ऐन पंचविशीत होती आणि हाक मारणाऱ्या आजींच्या तोंडात एकही दात नव्हता. मावशी गमतीनं सांगायची, माझ्या भाच्यांना पणतवंडं झाली, मीच काय ती मागे राहिले.

नवऱ्याचं घर सोडून ती इथं आली होती. नवरा वाईट नाही असंच सगळे म्हणायचे. पीत नव्हता, वेळेवर कामाला जायचा, घरी लागेल ते आणून टाकायचा. फक्त हात उचलायचा. सासू म्हणायची, त्याचा राग ओळखायला शीक म्हणजे झालं. मावशी शिकलीही. जिन्यावरच्या पावलांवरून आज काय वाढून ठेवलंय ते तिला कळायचं, मग त्याप्रमाणे ती ताट लवकर वाढायची, रेडिओ बंद करायची, पोतेऱ्याची बादली वाटेतून हलवायची. एक दिवस उतू गेलेलं दूध पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं, की राग कधी येईल आणि किती येईल एवढंच ओळखायला आपल्याला आता येतं. दुसरं काही येतच नाही. तिनं फडकं ओट्यावर ठेवलं, पिशवी भरली आणि निघाली. आश्रमात कपडे धुण्याच्या खोलीमागं तिला एक लहान खोली मिळाली. म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळी घालणं, चादरी बदलणं, भरवणं ही कामं तिच्याकडे आली आणि तिनं ती अशी उचलली की जणू तिला दुसरं काही करायचंच नव्हतं.

आश्रमाच्या बैठकीच्या हॉलमध्ये माशांची टाकी होती. आडव्या कपाटाएवढी लांब, काळ्या लोखंडी घोडीवर ठेवलेली. ती आणली होती घड्याळवाल्या आजोबांनी. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोटं थरथरायला लागल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून टाकीसकट इथं राहायला आला. मावशीला सगळं त्यांनीच शिकवलं. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. नवा मासा आणला की पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, सोडायची घाई करायची नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणाबरोबर कोण. शेपटीचा झुपका मिरवणाऱ्या गप्पीजवळ शेपट्या कुरतडणारा मासा नको. हळू खाणाऱ्याजवळ हावरा नको. दगड, मडक्याचे तुकडे, पानांची झुडपं अशी मांडायची की पळणाऱ्याला आडोसा मिळेल आणि मारणाऱ्याला सगळं एका नजरेत दिसणार नाही. आजोबा म्हणायचे, मासे वाईट नसतात गं, जागा कमी पडते म्हणून भांडतात.

मावशीला हे वाक्य फार आवडलं होतं. तिनं ते मनाशी जपून ठेवलं.

आजोबा गेले तेव्हा टाकी तिच्याकडेच राहिली. मोत्यांसारखे ठिपके असलेली गुरामीची जोडी, चपट्या चंदेरी माशांचा एक थवा, पुष्कळ गप्पी, तळाशी मिशा हलवत फिरणारे कॅटफिश. शांत टाकी होती. दुपारी जेवणं झाली की माणसं खुर्च्या ओढून समोर बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. ज्यांना भेटायला कुणी येत नसे ती तर तिथून हलायचीच नाहीत.

मग जेलरसाहेब आले. तुरुंगावर अधिकारी म्हणून जन्म गेलेला माणूस. उंच, रुंद, पाठीत अजून कुठंही बाक नाही. मुलाच्या घरी सुनेशी जमेना, नातवावर हात उचलला असं काहीतरी झालं होतं, म्हणून मुलानं इथं आणून सोडलं. मुलगा चांगल्या हुद्द्यावर होता. आश्रमाला त्यानं नवे पलंग दिले, आणि वडिलांबरोबर त्यांचा मासाही पाठवला, झाकण लावलेल्या प्लास्टिकच्या पिंपातून.

तो ऑस्कर जातीचा होता. तळहाताहून मोठा, काळपट, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल ठिपका. मावशीनं झाकण उघडून पाहिलं आणि लगेच परत लावलं. तिनं आश्रम चालवणाऱ्या मॅडमना सांगितलं, की हा तोंडात मावेल ते गिळतो, आणि याचं तोंड रोज वाढतंय. मॅडम वाईट बाई नव्हत्या. दिवसभर माणसांची, औषधांची, नळ गळतोय त्याची कामं त्यांच्या मागं लागलेली असत. त्यांनी विचारलं, वेगळी टाकी ठेवायला जागा आहे का, आहे तर दाखवा. जागा नव्हती. मॅडम म्हणाल्या, मुलगा आपल्यासाठी एवढं करतोय, आपण एक मासा नाही म्हणायचं का? तुम्हाला कळतं यातलं. तुम्ही करा काहीतरी.

मावशीनं केलं. गप्पी सगळे जाळीनं काढून धुण्याच्या खोलीतल्या टबात हलवले. टाकीतले दगड, मडकी, झाडं उचलून नव्यानं मांडली, म्हणजे कुठलाच कोपरा कुणाचा जुना उरला नाही आणि नव्या पाहुण्याबरोबर सगळेच पाहुणे झाले. ऑस्करला पिंपातच पोटभर कोळंबी चारली. मग दिवा बंद केला, हॉलचे पडदे ओढले आणि त्याला सोडला. तो तळाशी गेला, कुशीवर आडवा पडला आणि मेल्यासारखा पडून राहिला. जेलरसाहेब काचेशी उभे होते. ते म्हणाले, नाटक करतोय. रुसला की असाच पडतो.

खरंच, दुसऱ्या दिवशी तो उठला आणि टाकीभर फिरला. चंदेरी थवा त्याच्यापुढून झुळकन वळायचा, गुरामी झाडाआड राहायच्या, पण कुणी कुणाला चावलं नाही. मावशी त्याला सगळ्यांच्या आधी खायला घालायची. आश्रमात त्याचं नाव पडलं दादा. दादा तोंडानं दगड ढकलायचा, झाडं उपटून काढायचा, आणि जेलरसाहेबांनी काचेवर बोट ठेवलं की बोटामागोमाग फिरायचा. पेंगणारी माणसं जागी झाली. एक आजी तर म्हणाल्या, इतकी वर्षं आम्ही नुसतं पाणी बघत होतो.

मॅडमनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना टाकी दाखवायला सुरुवात केली. मोठा आणि लहान एकत्र कसे राहतात बघा, म्हणायच्या. मावशीलाही आतून बरं वाटायचं, ते काही खोटं नाही.

जेलरसाहेबांना खोली मिळाली होती टायपिस्ट आजोबांबरोबर. हे आजोबा कोर्टात टायपिस्ट होते. लहानखुरे, गरीब गाय. बोलण्याआधी घसा खाकरून परवानगी मागितल्यासारखं बघायचे. बायको गेल्यावर मुलीवर भार नको म्हणून स्वतःच इथं आले. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. आठवड्याला फोन करायची, जमेल तेव्हा यायची.

थंडी सुरू झाली तेव्हा मावशीच्या लक्षात आलं, की आजोबांच्या अंगावर एकच पातळ पांघरूण आहे आणि जेलरसाहेबांच्या पलंगावर तीन. विचारलं तर आजोबा म्हणाले, मला उकडतं. मग ते जेवायला उशिरा यायला लागले, नंतर कधी कधी येईनासे झाले. हॉलमध्ये आपली नेहमीची खुर्ची सोडून खिडकीजवळच्या कोपऱ्यात, पडद्याला चिकटून बसायचे. मावशीनं हे बसणं पाहिलेलं होतं. टाकीत ज्याला त्रास होतो तो मासा असाच वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागं जाऊन थांबतो, आणि दाणे टाकले तरी खाली येत नाही.

अंघोळ घालताना तिला दंडावरचे डाग दिसले. बोटांचे, चार एकीकडे आणि एक समोर. आजोबा म्हणाले, पलंगाची कड लागली. पलंगाची कड, दाराची कडी, ओट्याचा कोपरा, ही उत्तरं तिनं स्वतः इतक्यांदा दिली होती की ती ऐकताना तिला लाज वाटली. त्यांची नव्हे, स्वतःची.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. म्हणाल्या, त्यांनी स्वतः तक्रार केली का? नाही ना. डोकं फिरतं हल्ली साहेबांचं, डॉक्टरना दाखवू. खोली मात्र रिकामी नाही, तुम्हाला माहीत आहे. कोठीची खोली रिकामी करता येईल, मावशीनं सुचवलं. तिथं जुने पलंग कोंबून ठेवलेत, ते कुठं टाकू, मॅडमनी विचारलं.

तेव्हा मावशीला जे येत होतं ते तिनं केलं. दोन पलंगांच्या मधे कपाट आडवं ओढून घेतलं, म्हणजे जेलरसाहेबांना पडल्या पडल्या आजोबा दिसणार नाहीत. दोघांची जागा उलटी केली, दाराजवळचा पलंग आजोबांना दिला, म्हणजे निघायला वाट मिळेल. साहेबांना चहा आणि नाश्ता सगळ्यांच्या आधी नेऊन द्यायला लागली. आजोबांना दिवसा खोलीत थांबूच द्यायचं नाही असं ठरवून त्यांना धुण्याच्या खोलीत बोलावून घ्यायची, गप्पींच्या टबाशी बसवायची. ते पाणी बदलायला मदत करायचे, लहान पिल्लं मोजायचे आणि मोजता मोजता चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

आणि हे जमलं. डाग कमी झाले. आजोबा पुन्हा जेवायला यायला लागले. मॅडम म्हणाल्या, बघा, झालं ना सगळं ठीक. जेलरसाहेब अधूनमधून आजोबांना उभं राहून नाव सांगायला लावायचे, पांघरुणाची घडी तपासायचे, पण तेवढं आजोबा सोसून घेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं. मावशीला ते दिसत होतं. पण आधीपेक्षा बरं आहे, असं ती स्वतःला सांगायची, आणि आधीपेक्षा बरं होतंच. तिनं इतकी नीट घडी बसवली होती की आता दुसऱ्या कुणाला काही करायची गरजच उरली नव्हती.

वसंताच्या सुमारास टाकीतल्या एका गुरामीचं शेपूट फाटलेलं दिसलं. मग चंदेरी थवा विरळ झाला. मावशीनं दादाचा खुराक वाढवला. तो सगळा खायचा, आणि वर पुन्हा एखाद्याच्या मागं लागायचा. पोट भरलेलं असताना. तिनं तासभर समोर बसून पाहिलं. जागा होती, आडोसे होते, खाणं होतं. तरी तो त्या फाटक्या शेपटीच्या गुरामीला हुडकून काढायचा, मडक्यामागून, झुडपामागून, आणि नळीमागच्या कोपऱ्यात दाबून धरायचा. घड्याळवाल्या आजोबांचं वाक्य तिला आठवलं आणि पहिल्यांदाच वाटलं, की ते घड्याळं दुरुस्त करणारे होते. कुठलंही बिघडलेलं नीट करता येतं, असंच त्यांना वाटणार.

संध्याकाळी तिनं चंदेरी मासे आणि चांगली गुरामी टबात हलवली. फाटक्या शेपटीची गुरामी जाळीत धरताच हातातच मेली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सकाळी ती चहाचा ट्रे घेऊन येत होती तेव्हा त्या खोलीतून आवाज आला. मोठा नव्हता. कपाटाला काहीतरी आदळलं आणि मग चष्मा फरशीवर घसरत गेल्यासारखं. ती आत शिरली तेव्हा टायपिस्ट आजोबा दाराशी आडवे पडले होते, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. जेलरसाहेब त्यांच्या डोक्याशी उभे होते, हात मागं बांधून.

"दारात उभं राहायचं नाही, सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले.

मावशी खाली बसली. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तिच्या मनगटाला धरलं आणि घसा खाकरला.

"पाय अडकला माझा," ते म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ झाला, मग ताप. मावशी सुट्टी घेऊन दोनदा बघायला गेली. दुसऱ्यांदा त्यांनी तिला ओळखलं नाही, पण गप्पींची पिल्लं किती झाली ते विचारलं. पुष्कळ झाली, ती म्हणाली. ते परत आले नाहीत.

मॅडमनी सगळ्यांना एकेकाला बोलावून सांगितलं, की आजोबा घसरून पडले. त्यात खोटंही काही नव्हतं, ते स्वतःच तसं म्हणाले होते.

मुलगी सामान न्यायला आली. मावशी तिला खोलीत घेऊन गेली. जेलरसाहेब तेव्हा हॉलमध्ये दादासमोर बसलेले होते. कपाटातून दोन स्वेटर निघाले, एक टोपी, चष्म्याचं रिकामं घर, बायकोचा फोटो. मुलगी एक स्वेटर घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

"बाबा खरंच घसरले?" तिनं न बघता विचारलं.

मावशी दाराकडे पाहत होती. मॅडमची खोली दोन दारं सोडून होती.

"नाही," ती म्हणाली. "ढकललं त्यांना. आधीपासून त्रास होता. मला माहीत होता. मी मधे कपाट लावलं, जागा बदलली. वाटलं, एवढ्यानं भागेल."

मुलीनं स्वेटर खाली ठेवला. मावशीला वाटलं, आता ही ओरडेल, आपल्याला मारेल, आणि मारलं तरी चालेल.

"मला फोनवर म्हणाले होते," मुलगी म्हणाली. "खोली बदलून मिळते का विचार, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, या वयात थोडं जुळवून घ्यायचं असतं."

मावशीनं तिला तक्रार करायला सांगितलं. मी साक्ष देईन म्हणाली. मुलगी म्हणाली, कुणाच्या नावानं करू? माझंही नाव घालावं लागेल. पिशवी उचलून ती निघाली. जाता जाता हॉलच्या दारात क्षणभर थांबली आणि टाकीसमोरच्या त्या रुंद पाठीकडे बघत राहिली. जेलरसाहेबांनी मान वळवली.

"भेटीची वेळ संपली," ते म्हणाले.

पुढच्याच महिन्यात त्या खोलीत नवे आजोबा यायचे ठरले. मावशीला नवी चादर घालायला सांगितली तेव्हा तिनं चादर घेतली नाही. ती म्हणाली, आणणार असाल तर आणा, मी त्या नव्या आजोबांच्या मुलाला दारातच सगळं सांगेन. मॅडम आधी समजावत होत्या, मग चिडल्या. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का, त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, वैर नाही. फक्त सांगेन. ती हलली नाही. स्वयंपाकाच्या बाई कामाचं निमित्त काढून मधे आल्या आणि मावशीच्या बाजूला उभ्या राहिल्या. नुसत्या ओल्या हातांनी उभ्या राहिल्या.

कोठीची खोली एका दुपारी रिकामी झाली. जुने पलंग अंगणात ठेवून वर ताडपत्री घातली. एवढंच होतं करायचं. मावशी ताडपत्रीची दोरी बांधत होती आणि तिला रडू फुटलं ते तिथं, गाठ मारताना.

जेलरसाहेब कोठीत एकटे राहायला लागले. तिला वाटलं होतं, आता ते आरडाओरड करतील. ते खचले. हाताखाली कुणी नाही म्हटल्यावर त्यांना सकाळ कशी सुरू करायची तेच कळेना. जेवण विसरायला लागले, कपडे उलटे घालायला लागले, वर्ष उलटायच्या आत अंथरुणाला खिळले. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं मावशीकडेच होतं. एकदा त्यांनी तिच्यावर हात उगारला. तिनं तो वरच्या वर धरला, खाली आणून पांघरुणात ठेवला आणि चमचा पुढं केला. त्यांनी तोंड उघडलं.

एक दिवस कूस बदलून देताना त्यांनी विचारलं, "माझ्या खोलीतला तो कुठं गेला?"

"गेले ते."

"सुटला?"

मावशी उशी थोपटत राहिली. "हो," ती म्हणाली, "सुटले."

"वागणूक चांगली होती त्याची," जेलरसाहेब म्हणाले, आणि डोळे मिटले.

ते गेले तेव्हा मुलगा आला, कागदपत्रं आणि पदकाची पेटी घेऊन गेला. मासा नेणार का, असं मॅडमनी विचारलं तर म्हणाला, त्याचं तुम्हीच काय ते बघा. दुकानदार घ्यायला तयार नव्हता, एवढा मोठा कुणी विकत घेत नाही. नदीत सोडा, कुणीतरी सुचवलं. मावशी नको म्हणाली; तिथंही मासे आहेत.

चांगली गुरामी आणि उरलेले चंदेरी मासे आता जिन्याखाली एका लहान टाकीत असतात. गप्पी टबातच वाढतात. हॉलमधल्या मोठ्या टाकीत दादा एकटा आहे. खूप मोठा झालाय, वळताना शेपूट काचेला घासतं. झाड एकही उरलेलं नाही, तळाला नुसते दगड. मावशी हॉलमध्ये आली की तो तिला ओळखतो, तळातून उठून काचेशी येतो आणि ती जिकडे जाईल तिकडे फिरतो. नव्यानं आलेल्या माणसांना त्याचं कौतुक वाटतं, किती माया लावलीये म्हणतात.

मावशीला तो आवडत नाही. ती रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याला खायला घालते.